सांधा कोठे वळतो आणि कोठे अडतो

उजव्या हाताचा पंजा समोर धरा आणि बोटे ताठ ठेवून ती एकमेकांपासून फाकवून पाहा; ती सहज फाकतात. आता चारही बोटे मुळापाशी, म्हणजे मूठ वळल्यावर जे उंचवटे वर येतात तेथे, काटकोनात वाकवा आणि त्याच स्थितीत पुन्हा फाकवण्याचा प्रयत्न करा. या वेळी ती जवळजवळ जागची हलत नाहीत. हाडे तीच आणि सांधाही तोच असताना असे का व्हावे, याचे उत्तर तळहातातील हाडाच्या टोकाच्या आकारात आहे. हे टोक गोलसर असले तरी सगळीकडे सारखे गोल नाही, ते तळव्याकडच्या बाजूला अधिक रुंद आहे. बोट सरळ असते तेव्हा सांध्याच्या दोन्ही बाजूंचे अस्थिबंध, म्हणजे दवाखान्यात ज्यांना लिगामेंट म्हणतात ते चिवट पट्टे, सैल असतात आणि बोटाला डावी-उजवीकडे हलू देतात; बोट वाकले की तेच पट्टे रुंद भागावरून जाताना ताणले जातात आणि बाजूची हालचाल बंद होते. काही धरताना बोटे इकडेतिकडे सरकू नयेत म्हणून हे बंधन सोयीचेच आहे.

शरीरातील जवळजवळ प्रत्येक सांध्याची कथा याच धर्तीची आहे. हाडांच्या टोकांचा आकार कोणती हालचाल शक्य आहे ते ठरवतो, अस्थिबंध ती कोठे थांबवायची ते ठरवतात आणि स्नायू त्या मर्यादेच्या आत काम करतात. नागपुरात 'मेडिकल' किंवा 'मेयो' या वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षात शिकणारी मुले सांध्यांच्या प्रकारांची यादी पाठ करतात. परीक्षेपुरते ते योग्यच आहे, पण ज्याला केवळ आपले शरीर समजून घ्यायचे आहे त्याने आधी आकार पाहावा आणि नाव नंतर लक्षात ठेवावे, असे मला वाटते.

सांधा म्हणजे दोन किंवा अधिक हाडे जेथे एकमेकांना मिळतात ती जागा. या व्याख्येत हालचालीची अट कोठेही नाही, हे मुद्दाम सांगावे लागते. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण २०६ हाडे असतात. कवटीची हाडे दातेरी कडांनी एकमेकांत अशी गुंतलेली असतात, की मोठेपणी त्यांच्यात हालचाल उरत नाही; मेंदूला संरक्षण देणाऱ्या पेटीने हलू नये, हेच तेथे अपेक्षित आहे. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर मात्र या हाडांमध्ये मऊ पडद्याने झाकलेली मोकळी जागा असते, तीच टाळू. घरोघरच्या आजी बाळाला न्हाऊ घालताना ज्या टाळूवर तेल भरतात, ती खरे तर अजून पूर्ण न जुळलेल्या सांध्यांची जागा आहे. तिच्यामुळे जन्माच्या वेळी कवटीची हाडे एकमेकांवर किंचित सरकू शकतात आणि पुढे झपाट्याने वाढणाऱ्या मेंदूला जागा मिळते. पुढची टाळू बहुतेक बाळांमध्ये दीड वर्षाच्या आसपास बुजते. दात आणि जबड्याचे हाड यांच्यातील जोडही असाच तंतूंनी घट्ट बांधलेला असतो, आणि दातांना तारा लावून ते हळूहळू सरकवता येतात ते याच तंतूंच्या आणि भोवतालच्या हाडाच्या बदलामुळे.

अचल आणि मुक्तपणे हलणाऱ्या सांध्यांच्या मध्ये एक मधला वर्ग आहे, ज्यात दोन हाडांमध्ये कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक अशा कार्टिलेजचा, थर असतो आणि हालचाल थोडीच होते. ओटीपोटाच्या खाली समोरच्या बाजूला कमरेची दोन हाडे अशीच जुळलेली असतात. गरोदरपणात संप्रेरकांमुळे तेथील बंध सैल होतात. मणक्यांमधल्या चकत्याही याच वर्गात येतात. दिवसभर उभे राहिल्याने आणि बसल्याने या चकत्यांतील पाणी थोडे कमी होते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत भरते, म्हणून सकाळी उठल्यावर आपली उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर जास्त भरते.

ज्यांना आपण रोजच्या बोलण्यात सांधे म्हणतो ते तिसऱ्या वर्गातले आहेत. त्यांच्यात हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असतात, भोवती एक पिशवी असते आणि त्या पिशवीच्या आतल्या अस्तरातून सायनोव्हियल द्रव नावाचे दाटसर वंगण पाझरते. निरोगी गुडघ्यातही हे वंगण चहाच्या चमचाभरापेक्षा कमी असते, तरी कूर्चा कूर्चेवरून जवळजवळ घर्षणाशिवाय सरकते. मोठ्या माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते प्रामुख्याने या द्रवातूनच, आणि सांध्यावर भार पडणे व उतरणे या क्रियेमुळे द्रव तिच्यात ये-जा करतो. सांधा वापरला नाही तर तो जपला जातो ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. कूर्चेत वेदनेच्या नसाही नसतात, त्यामुळे तिची झीज सुरू झाल्याचे बराच काळ कळत नाही. दुखू लागते ते बहुधा भोवतालचे अस्तर, हाड किंवा अस्थिबंध.

बोटे मोडताना येणारा कडकन आवाजही याच वंगणाशी संबंधित आहे. सांधा ताणला की आतला दाब एकदम घटतो आणि द्रवात विरघळलेल्या वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातील संशोधकांनी बोट ताणले जात असतानाची एमआरआय चित्रे घेऊन ही पोकळी निर्माण होताना दाखवली. वायू पुन्हा विरघळेपर्यंत तेच बोट लगेच परत मोडता येत नाही, त्यासाठी साधारण वीस मिनिटे जावी लागतात. बोटे मोडल्याने संधिवात होतो असे घरातील वडीलधारी मंडळी बजावत असतात. अमेरिकेतील डोनाल्ड अंगर या डॉक्टरांनी सुमारे ५० वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, उजव्या हाताची मोडली नाहीत, आणि दोन्ही हातांत फरक आढळला नाही असे १९९८ साली लिहिले. त्याबद्दल त्यांना २००९ साली इग नोबेल हा विनोदी पुरस्कारही मिळाला. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, परंतु मंडळींच्या म्हणण्याला पाठिंबा देणारा भक्कम पुरावाही पुढे आलेला नाही.

फिजिओथेरपीच्या कागदावर हालचालींची जी नावे लिहिलेली असतात, ती थोडक्यात अशी. दोन हाडांमधला कोन कमी करून वाकवणे म्हणजे फ्लेक्शन, परत सरळ करणे म्हणजे एक्स्टेन्शन. हात किंवा पाय शरीराच्या मध्यरेषेपासून बाजूला नेणे म्हणजे ॲबडक्शन, जवळ आणणे म्हणजे ॲडक्शन. हाड स्वतःच्या लांबीभोवती फिरणे म्हणजे रोटेशन. या सर्वांचे माप माणूस सरळ उभा आहे आणि तळहात पुढे आहेत, असे धरून घेतले जाते.

आता हे प्रत्यक्षात कसे जुळून येते ते एका कामात पाहू. नागपुरात लांब पोळी, म्हणजेच मटका रोटी, करणाऱ्या बाईचे हात काही मिनिटे लक्ष देऊन पाहावेत. कणीक इतकी सैल भिजवलेली असते की ती पोळपाटावर लाटताच येत नाही. बाई तिचा गोळा हातावर घेते, दोन्ही हात बाजूला उचलून तो एका हातावरून दुसऱ्या हातावर फिरवत राहते, कणीक स्वतःच्या वजनाने ताणली जाऊन कोपरापर्यंत पसरते, आणि मग ती पातळ चादर चुलीवर पालथ्या ठेवलेल्या तापलेल्या मडक्यावर अलगद सोडली जाते. या कामात हात खांद्यातून वर उचलले जातात, कोपरात वाकतात, कोपराखालचा भाग पालथा-उताणा होत राहतो आणि मनगट शेवटचा हलका झोका देते. चार जागा आणि चार वेगळ्या रचना तेथे एकाच वेळी काम करत असतात.

यातले कोपर वाकते तो बिजागरीचा सांधा. दंडाच्या हाडाचे टोक चरकासारखे खाचेदार आहे आणि त्या खाचेत कोपराखालच्या एका हाडाचा आकडा नेमका बसतो. बाजूला सरकायला वावच नाही, त्यामुळे हालचाल एकाच पातळीत होते. बोटांच्या पेरांमधले सांधे याच जातीचे आहेत.

हात पालथा-उताणा होतो तो मात्र कोपराच्या बिजागरीतून नव्हे. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे शेजारी-शेजारी आहेत, आणि हात पालथा होतो तेव्हा अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावरून आडवे पडते. दुसऱ्या हाताने मनगटाच्या किंचित वरचा भाग घट्ट धरून पंजा फिरवू पाहिल्यास हे लक्षात येते. पंजा फारसा फिरत नाही, कारण मनगट स्वतः फिरतच नाही. किल्ली फिरवताना मनगट फिरते असे आपल्याला वाटते, पण काम चाललेले असते ते त्या दोन हाडांमध्ये. कोपराजवळ अंगठ्याकडच्या हाडाचे गोल डोके अस्थिबंधाच्या एका कड्यात फिरते, म्हणून याला खुंटीचा सांधा म्हणतात. लहान मुलांमध्ये हे कडे सैल असते. सीताबर्डीच्या गर्दीत रेंगाळणाऱ्या मुलाला एका हाताला धरून झटक्यात ओढले किंवा तसेच उचलले, तर हाडाचे डोके कड्यातून थोडे निसटू शकते. मूल रडते आणि हात वापरायचे थांबते. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये हा प्रकार नेहमी दिसतो. डॉक्टर तो बहुधा क्षणात बसवतात, पण घरी तसा प्रयत्न करू नये, आणि मुलाला उचलायचे असेल तर काखेत हात घालून उचलावे.

मनगटाचा सांधा लंबगोलाकार आहे. तो पुढे-मागे वाकतो आणि दोन्ही बाजूंना झुकतो, आणि या चारही हालचाली एकापाठोपाठ केल्या की पंजा वर्तुळात फिरल्यासारखा दिसतो. मनगट आणि पायाच्या मधल्या भागातील लहान हाडे एकमेकांवर थोडीशी सरकतात. ते सरकते सांधे एकेकटे किरकोळ वाटतात, पण त्यांची बेरीज झाल्यामुळेच पंजा आणि पाऊल हव्या त्या आकाराच्या वस्तूवर बसते.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, जो सांधा आहे त्याला खोगिरासारखा आकार आहे. दोन्ही हाडांची टोके एका दिशेने खोलगट आणि दुसऱ्या दिशेने उंचवट्याची असतात आणि एकमेकांवर आडवी बसतात. संत्रे सोलताना अंगठा काय करतो ते पाहिले की याचे महत्त्व समजते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. देठाजवळ अंगठ्याचे नख रुतवायचे, मग तो सालीखाली आडवा घालून पुढे सरकवायचा आणि बाकीच्या बोटांकडे वळवून साल उलटायची. अंगठा वाकतो, बाजूला जातो, तळहातावरून पलीकडे येतो आणि चारही बोटांच्या टोकांना समोरासमोर भिडतो. बोटांच्या समोर येण्याची ही क्षमता नसती तर सुई धरणेही अवघड झाले असते. त्याची किंमतही हा सांधा मोजतो. चिमटीत धरलेल्या वस्तूवर जेवढा जोर असतो त्याच्या कितीतरी पट ताण अंगठ्याच्या मुळावर येतो, आणि पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, डब्याचे झाकण उघडताना दुखणारी जागा पुष्कळदा हीच असते.

आता तेच संत्रे एका बशीत ठेवले आहे अशी कल्पना करा, आणि दुसरे एक संत्रे खोल वाटीत. बशीतले कोणत्याही दिशेला घरंगळू शकते, वाटीतले जागीच फिरते. खांदा आणि खुबा दोन्ही उखळीचे सांधे म्हणून एकाच नावाने ओळखले जातात, पण त्यांच्यात फरक एवढा मोठा आहे. खांद्याची उखळ उथळ आहे. दंडाच्या हाडाच्या गोलाचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग तिच्यात असतो. गोल जागेवर राहतो तो मुख्यतः भोवतालच्या चार स्नायूंच्या पकडीमुळे. म्हणून हात पुढे, मागे, बाजूला, डोक्यावर आणि पाठीमागेही जातो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांमध्ये निखळण्याचे प्रमाण खांद्याचे सर्वांत जास्त आहे. हालचाल आणि स्थैर्य यांपैकी एक वाढवले की दुसरे कमी होते, हा सौदा शरीरात कोठेही चुकलेला नाही.

खांदा एकटा काम करत नाही, हेही येथेच सांगायला हवे. हात बाजूने उचलून कानापर्यंत नेला की साधारण १८० अंशांची हालचाल होते. तिच्यातले सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० पाठीवरचे फावड्यासारखे पसरट हाड बरगड्यांवरून सरकल्यामुळे मिळतात. खांदा दुखत नसेल तर एक प्रयोग करावा: अंगठा जमिनीकडे वळवून हात बाजूने उचलला तर तो खांद्याच्या उंचीच्या थोडा वर जाऊन अडखळतो, अंगठा वरच्या बाजूला केला की तोच हात सहज डोक्यावर जातो. पहिल्या स्थितीत दंडाच्या हाडाचा उंचवटा वरच्या हाडाच्या छतावर आपटतो आणि दुसऱ्या स्थितीत तो वाटेतून बाजूला होतो.

खुब्याची उखळ खोल आहे आणि तिच्या कडेच्या कूर्चेसह ती मांडीच्या हाडाचा निम्म्याहून अधिक गोल कवेत घेते. समोरच्या बाजूचा तिचा अस्थिबंध शरीरातील सर्वांत बळकट अस्थिबंधांपैकी एक आहे. ताठ उभे राहिले की तो आवळला जातो, आणि त्यामुळे आपण स्नायूंना फारसे न थकवता बराच वेळ उभे राहू शकतो. मांडी घालून बसताना खुबा वाकतो, बाजूला उघडतो आणि बाहेरच्या दिशेने फिरतो, अशा तिन्ही हालचाली एकदम होतात. ज्यांना वयानुसार मांडी घालणे जमत नाही ते दोष गुडघ्याला देतात, पण अनेकदा आधी अडलेले असते ते खुब्याचे फिरणे.

गुडघ्याला दोष देण्याची सवय मात्र सगळीकडे आहे. आमच्याकडे 'टोंगळे (गुडघे) दुखून राहिले' ही तक्रार ज्या घरात ऐकू येत नाही असे घर विरळाच असेल. गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठा सांधा आहे आणि शाळेच्या पुस्तकात तो बिजागरीचा म्हणून सांगितलेला असतो. हे अर्धेच खरे आहे. मांडीच्या हाडाची दोन गोल टोके नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. म्हणजे आकाराच्या जोरावर टिकून राहावे असे येथे काहीच नाही. ती कसर मेनिस्कस नावाच्या दोन अर्धचंद्राकृती कूर्चा भरून काढतात. त्या सपाट माथ्याला थोडी खोली देतात आणि भार पसरवतात. आतमध्ये दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना ओलांडतात आणि नडगी पुढे-मागे घसरू देत नाहीत, तर बाहेरच्या दोन बाजूंना आणखी दोन असतात. साधे चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, हे लक्षात घेतले की या बांधणीचे कौतुक वाटते.

गुडघा फिरतोही, फक्त वाकलेला असतानाच. खुर्चीवर बसून, टाच जमिनीवर ठेवून चवडा आत-बाहेर वळवला तर नडगी फिरताना हाताला जाणवते. पाय पूर्ण सरळ केला की हे फिरणे बंद होते, कारण सरळ होण्याच्या शेवटच्या टप्प्यात नडगी किंचित बाहेर वळते आणि सांधा कुलूप घातल्यासारखा घट्ट होतो; वाकवायला सुरुवात करताना गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू ते कुलूप उघडतो. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये पाऊल जमिनीत रोवलेले असताना शरीर एकदम वळले की अस्थिबंध फाटतो तो याच कारणाने, कारण पाऊल अडकल्यामुळे वळण्याचा सगळा जोर जास्त फिरण्यासाठी घडवलेल्याच नसलेल्या सांध्यावर येतो. वाटी, म्हणजे समोरचे ते सुटे वाटणारे हाड, मांडीच्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीत, बसलेले असते आणि त्या स्नायूला पाय सरळ करताना जास्त जोर मिळवून देते.

घोट्यात दोन सांधे एकावर एक आहेत. वरच्यातून पाऊल वर-खाली होते, खालच्यातून ते आत-बाहेर कलते, आणि खडबडीत रस्त्यावर तोल सांभाळला जातो तो या खालच्या सांध्यामुळे. वरच्या सांध्यातले हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असल्यामुळे चवडा खाली झुकलेला असताना पकड ढिली होते. पायरी उतरताना घोटा मुरगळतो त्याचे हे एक कारण आहे.

मान आणि कंबर यांचा हिशेब वेगळा आहे, कारण तेथे अनेक लहान सांधे मिळून एक हालचाल करतात. होकार देताना डोके पहिल्या मणक्यावर पुढे-मागे झुकते. नकार देताना पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती फिरतो, आणि मान डावी-उजवीकडे वळण्याची जवळजवळ निम्मी क्षमता या एकाच जोडीत आहे. कमरेच्या मणक्यांमागचे छोटे सांधे अशा दिशेने बसलेले आहेत की तेथे पुढे-मागे वाकणे भरपूर होते, पण पिळणे फार थोडे. आपण 'कमरेतून वळलो' असे म्हणतो तेव्हा बरेचसे वळणे छातीच्या भागातील मणक्यांतून आणि खुब्यांतून झालेले असते. जड वस्तू उचलून त्याच झटक्यात वळू नये, पाय उचलून दिशा बदलावी, असे सांगितले जाते त्यामागे ही रचना आहे.

जबड्याचाही सांधा आहे हे पुष्कळांना आठवत नाही. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड हळूहळू उघडल्यास प्रथम बिजागरीसारखी हालचाल जाणवते आणि तोंड अधिक उघडले की हाड पुढे सरकते.

हे सारे माहीत असल्याचा एक उपयोग डॉक्टरांपुढे बसल्यावर होतो. 'खांदा दुखतो' एवढ्याने त्यांना फारसे कळत नाही. कोणती हालचाल अडते हे सांगितले तर बरेच कळते. केस विंचरताना त्रास होतो की पाठीमागे हात नेताना, हात स्वतः उचलता येत नाही की दुसऱ्याने उचलूनही तो जात नाही, या प्रश्नांची उत्तरे घरूनच पाहून जाता येतात. खांदा आखडलेला असेल, म्हणजे ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात तसा, तर सांध्याभोवतीची पिशवीच आक्रसलेली असते आणि दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नाही. त्यातही कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर वळवण्याची हालचाल सहसा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त कमी होते. खांद्याभोवतीच्या चार स्नायूंपैकी एखाद्याची कंडरा फाटली असेल तर चित्र बहुधा उलट दिसते: रुग्णाला स्वतःला हात उचलता येत नाही, पण तपासणाऱ्याने आधार दिला की तोच हात कानापर्यंत जातो.